रस्त्यावरची तडजोड आणि नंतरचा हिशेब

मोटारसायकल आणि मोटार यांची टक्कर झाली की आपल्याकडे पहिल्या पाच-दहा मिनिटांत तीन गोष्टी हमखास घडतात. गर्दी जमते, मोठ्या वाहनाचा चालक दोषी असल्याचा निवाडा तेथल्या तेथे दिला जातो, आणि गर्दीतील एखादा पोक्त गृहस्थ 'पोलिसांच्या भानगडीत कशाला पडता, आपसांत मिटवून टाका' असा सल्ला देतो. या सल्ल्यामागे अनुभव असतो, हे नाकारता येणार नाही. पोलीस ठाण्याच्या खेपा, पंचनाम्यासाठी अडकून पडलेली गाडी, न्यायालयाच्या तारखा हे सारे ज्याने सोसले आहे, त्याला तडजोड हाच शहाणपणा वाटावा यात नवल नाही. प्रस्तुत लेखकानेही असा सल्ला एकदा दिलेला आहे. ज्याला तो दिला, तो त्याची किंमत आजही मोजतो आहे. या विषयावर लिहिण्याचा अधिकार मला असलाच, तर तो एवढाच.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात ४ लाख ६१ हजार ३१२ रस्ते अपघात झाले. त्यांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मरण पावली आणि ४ लाख ४३ हजार ३६६ जखमी झाली. मृतांपैकी सुमारे ४४ टक्के दुचाकीवरील होते. हेल्मेट नसल्याने प्राणास मुकलेल्यांची संख्याच पन्नास हजारांवर गेली होती. मृतांचे आकडे वर्तमानपत्रांत येतात आणि त्यांवर चर्चाही होते. परंतु जे वाचतात, त्यांच्या पुढच्या दोन-चार वर्षांचे काय होते, याची नोंद कोणत्याही तक्त्यात सापडत नाही. अपघात क्षणाचा असतो. त्याचा हिशेब मात्र वर्षानुवर्षे चालतो. तो हिशेब बहुतेक कुटुंबे एकट्याने आणि चुकीच्या आकड्यांपासून सुरू करतात.

एका वाक्याची नोंद

२०२३ सालच्या ऑगस्टमधील गोष्ट. आमच्या विभागात तासिका तत्त्वावर शिकविणारा एकतीस वर्षांचा एक तरुण सहकारी संध्याकाळी मिरजेहून सांगलीकडे मोटारसायकलने निघाला होता. पाऊस भुरभुरत होता. समोरून आलेली एक मोटार पेट्रोल पंपात शिरण्यासाठी अचानक उजवीकडे वळली आणि हा तिच्या डाव्या बाजूवर आदळला. डोक्यावर हेल्मेट होते म्हणून जीव वाचला. उजव्या नडगीच्या हाडाचे मात्र दोन तुकडे झाले.

मोटारीचे मालक निवृत्त, सज्जन गृहस्थ होते. ते पळून गेले नाहीत. त्यांनीच आपल्या गाडीत घालून त्याला रुग्णालयात आणले. मला फोन आला तेव्हा मी घरीच होतो; अर्ध्या तासात पोहोचलो. ते गृहस्थ हात जोडून उभे होते. 'चूक माझी आहे, खर्चाला मी मागे हटणार नाही. पण या वयात पोलीस ठाण्याची पायरी चढायला लावू नका, विम्याचा बोनसही जाईल,' असे ते म्हणत होते. सहकारी वेदनेने अर्धवट शुद्धीत होता. केसपेपर लिहिणाऱ्या कर्मचाऱ्याने 'कसे झाले?' असे विचारले, तेव्हा उत्तर मी दिले. 'पावसात गाडी घसरून पडले,' असे मी सांगितले आणि ते तसेच लिहिले गेले. अपघाताची टक्कर म्हणून नोंद झाली असती, तर रुग्णालयाने नियमानुसार पोलिसांना कळविले असते. गाडी घसरली म्हटल्यावर तो प्रश्नच उरला नाही.

दुसऱ्या दिवशी त्या गृहस्थांनी तीस हजार रुपये आणून दिले. 'आमची एकमेकांविरुद्ध काहीही तक्रार नाही' अशा मजकुराचा साधा कागद तयार झाला. तो मजकूरही माझ्याच हस्ताक्षरात आहे. त्या वेळी मला वाटले, दोन्ही बाजूंचे समाधान झाले.

शस्त्रक्रिया होऊन पायात सळई बसली. पहिलाच खर्च सव्वा लाखाच्या घरात गेला. तासिका तत्त्वावरील शिक्षकाला आजारपणाची पगारी रजा नसते. जितक्या तासिका घेतल्या तितकेच मानधन. विद्यार्थ्यांचे नुकसान होऊ नये म्हणून त्याच्या तासिका दुसऱ्याकडे गेल्या आणि पुढच्या सत्रातही त्या परत आल्या नाहीत. डिसेंबरमध्ये जखमेत जंतुसंसर्ग झाल्याचे निदान झाले आणि दुसरी शस्त्रक्रिया करावी लागली. जानेवारीच्या मध्यावर तो माझ्या घरी आला, तेव्हा त्याच्या आईचे दागिने गहाण पडलेले होते. 'सर, आता काही करता येईल का?' एवढेच त्याने विचारले. तोवर पाच महिने होऊन गेले होते.

अनुपस्थित असलेला तिसरा पक्ष

वर्गात मी रोनाल्ड कोझ शिकवितो. १९९१ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळालेल्या या अर्थतज्ज्ञाने १९६० सालच्या आपल्या गाजलेल्या निबंधात असे दाखविले की, हक्क स्पष्ट असतील आणि वाटाघाटींना काहीच खर्च पडत नसेल, तर एकमेकांना उपद्रव होणारे दोन पक्ष आपसांत बोलून कार्यक्षम तोडगा काढू शकतात. परीक्षेत विद्यार्थी हे विधान लिहितात, पण त्यातील 'तर' विसरतात. त्या दिवशी मीही तो विसरलो होतो. रुग्णालयाच्या दारात झालेल्या सौद्यात एका पक्षाला नीट शुद्ध नव्हती. हाड किती दिवसांत जुळेल, दुसरी शस्त्रक्रिया लागेल काय, पाय पूर्वीसारखा वाकेल काय, यांपैकी कशाचेही उत्तर त्या दिवशी कोणत्याही डॉक्टरापाशी नव्हते. ज्या नुकसानाचा आकार सहा महिन्यांनी कळणार, त्याची किंमत आम्ही चोवीस तासांत ठरवून मोकळे झालो.

त्याहून मोठी चूक अशी की, ज्याने पैसे द्यावयाचे तो पक्ष त्या सौद्यात नव्हताच. आपल्या देशात त्रयस्थाच्या हानीबद्दलचा, म्हणजे लोक ज्याला 'थर्ड पार्टी' म्हणतात तो विमा, १ जुलै १९४६ पासून सक्तीचा आहे. मोटारमालकाने ही जोखीम विमा कंपनीवर आधीच, हप्ता भरून, सोपविलेली असते. रस्त्यावरील इजा आणि मृत्यूबाबत या विम्यातील जबाबदारीला रकमेची मर्यादा नाही. आणि त्या गृहस्थांना ज्याची धास्ती होती, तो 'नो क्लेम बोनस' आपल्या स्वतःच्या गाडीच्या दुरुस्तीसाठी दावा केला तर जातो. त्रयस्थाला भरपाई मिळाल्याने जात नाही. म्हणजे एका सज्जन माणसाने आपल्या खिशातून तीस हजार रुपये विनाकारण दिले, दुसऱ्या गरजू माणसाने आपला मोठा हक्क त्यासाठी झाकून टाकला आणि ज्या कंपनीने या प्रसंगासाठीच पैसे घेतले होते, तिला त्याचा पत्ताही लागला नाही. दोन्ही बाजूंचे नुकसान करणारी अशी तडजोड मी सुशिक्षित म्हणून घडवून आणली.

कायदा कोठवर आला आहे

मोटार अपघाताच्या भरपाईचा आपला कायदा हळूहळू, पण निश्चित दिशेने बदलत आला आहे. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात १९५६ साली दुरुस्ती होऊन दावा न्यायाधिकरणांची तरतूद झाली. तोवर जखमी माणसाला दिवाणी न्यायालयाचा लांबचा रस्ता धरावा लागे. १९८२ साली दोष सिद्ध न करताही काही रक्कम मिळावी हे तत्त्व मान्य झाले. मृत्यूस पंधरा हजार आणि कायमच्या अपंगत्वास साडेसात हजार रुपये ठरले. १९८८ च्या कायद्याने ती चौकट पुढे नेली. २०१९ च्या दुरुस्तीनंतर, म्हणजे प्रत्यक्षात १ एप्रिल २०२२ पासून, कलम १६४ खाली मृत्यूस पाच लाख आणि गंभीर दुखापतीस अडीच लाख रुपये कोणाची चूक हे सिद्ध न करता मागता येतात. हाड मोडणे ही कायद्याच्या व्याख्येनुसार गंभीर दुखापतच आहे. हा मार्ग किंवा दोष सिद्ध करून पूर्ण भरपाई मागण्याचा मार्ग, यांपैकी निवड जखमीने करावयाची असते. म्हणजे चूक कोणाची हा वाद न घालताही ज्या पायासाठी अडीच लाख मागता आले असते, त्यासाठी आम्ही तीस हजारांवर सही केली.

पूर्ण भरपाईचा हिशेब तर शाळेतील अंकगणिताइतका सरळ झालेला आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००९ च्या सरला वर्मा प्रकरणात वयानुसार गुणक ठरवून दिले : पंधरा ते पंचविसाव्या वर्षापर्यंत १८, एकतीस ते पस्तीसला १६, शेहेचाळीस ते पन्नासला १३, पासष्टीनंतर ५. २०१७ च्या प्रणय सेठी प्रकरणातील घटनापीठाने पुढील उत्पन्नवाढीची टक्केवारी निश्चित केली. चाळिशीच्या आतील कायम नोकराला ५० टक्के, स्वतंत्र व्यावसायिकाला किंवा ठरावीक पगारावरील माणसाला ४० टक्के. अपंगत्व आले असेल तर जखमीच्या दाव्यातही ही वाढ धरली जाते, हे २०२० साली स्पष्ट झाले. आता उदाहरणादाखल असे धरू की, एकतीस वर्षांच्या माणसाचे मासिक उत्पन्न वीस हजार आहे आणि त्याची कमाईची शक्ती १५ टक्क्यांनी घटली आहे. वर्षाचे उत्पन्न २ लाख ४० हजार. ४० टक्के वाढ धरून ३ लाख ३६ हजार. त्याला १६ ने गुणून ५३ लाख ७६ हजार. त्याचे १५ टक्के म्हणजे ८ लाख ६ हजार ४०० रुपये. औषधोपचार, बुडालेले उत्पन्न, वेदना यांची रक्कम याहून निराळी.

यातील कळीचा शब्द 'कमाईची शक्ती' हा आहे. डॉक्टरांच्या दाखल्यात पायाचे अपंगत्व तीस टक्के लिहिले म्हणजे कमाईही तीसच टक्के घटली असे नव्हे. २०१० च्या राजकुमार प्रकरणात न्यायालयाने हा फरक विस्ताराने सांगितला. हात गमावलेल्या वाहनचालकाची किंवा सुताराची उपजीविकाच संपते. कचेरीत बसून काम करणारा कारकून मात्र नोकरीत टिकू शकतो. तेव्हा आपला धंदा कोणता आणि त्यात मोडलेल्या अवयवाचे काम काय, हे न्यायाधिकरणापुढे पुराव्यानिशी मांडावे लागते. चार-चार तासिका उभे राहून शिकविणाऱ्याच्या पायाचे मोलही त्याच रीतीने सिद्ध करावे लागेल.

उत्पन्नावरून माणसाची किंमत ठरविण्याच्या या पद्धतीत एक अन्याय मुळातच आहे, हे मी अर्थशास्त्राचा शिक्षक म्हणून मान्य केले पाहिजे. ज्याची मिळकत कागदावर नाही, त्याचे आयुष्य स्वस्त ठरते. न्यायालयांनी ही धार पुष्कळ बोथट केली आहे. दिल्लीत २०१४ साली मोटारसायकलवरून चाललेले एक दांपत्य मोटारीच्या धडकेत मरण पावले. पत्नी गृहिणी होती. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने तिच्या घरकामाला उत्पन्नाचे मूल्य असल्याचे निःसंदिग्धपणे मान्य केले आणि एकूण भरपाई २२ लाखांवरून ३३ लाख २० हजारांवर नेली. तरीही मानधनावरील शिक्षक, दुकानातील गडी, शिकवण्या घेणारी मुलगी यांनी आपल्या मिळकतीची नोंद ठेवली नसेल, तर अंदाजाने धरलेले उत्पन्न बहुधा कमीच असते. मानधन बँकेत जमा होणे, साधी हिशेबाची वही असणे, विवरणपत्र भरणे यांना अशा वेळी अचानक महत्त्व येते.

सहा महिन्यांची मुदत

याच दुरुस्तीने एक काटाही पेरून ठेवला आहे. १ एप्रिल २०२२ पासून भरपाईचा दावा अपघातापासून सहा महिन्यांच्या आत दाखल करावा लागतो. या मुदतीच्या वैधतेलाच सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आहे. पण ज्याचा पाय मोडला आहे त्याने त्या वादाच्या भरवशावर बसू नये. पोलिसांनी अपघाताचा अहवाल तीन महिन्यांत न्यायाधिकरणाकडे पाठवावा आणि तोच अर्ज समजता यावा, अशी चांगली सोय कायद्यात आहे. मात्र पोलिसांपर्यंत खबरच गेली नसेल, तर ती सोय कोणाच्या उपयोगाची?

म्हणून वाचकांनी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. रुग्णालयात पहिल्या कागदावर अपघात जसा घडला तसाच लिहून घ्यावा. तो लिहिणाऱ्याला समोरच्या वाहनाचा क्रमांक सांगावा. खबर पोलिसांना द्यावी. ती दिल्याने समोरच्याशी वैर धरले असे होत नाही. वाहने हलविण्यापूर्वी त्यांची छायाचित्रे घ्यावीत, साक्षीदारांचे नाव-गाव टिपून ठेवावे, समोरच्या गाडीची विम्याची पॉलिसी पाहून घ्यावी. औषधाच्या दुकानातील चिठ्ठीपासून रिक्षाच्या भाड्यापर्यंत सारी बिले एका पिशवीत जपावीत. दावा आपण राहतो त्या भागातील न्यायाधिकरणातही करता येतो. रकमेत वाटा मागणारा वकील टाळावा. असा करार वकिलांच्या आचारसंहितेत बसत नाही. कोणी काही रक्कम तातडीची मदत म्हणून देत असेल तर ती जरूर घ्यावी, पण 'तक्रार नाही' अशा कागदावर सही करू नये. अशा कागदाने दावा करण्याचा हक्क आपोआप बुडतो असे नाही. पण विमा कंपनीच्या वकिलाच्या हाती तो आयता जातो.

पैसे नाहीत म्हणून उपचार अडू नयेत यासाठीही आता थोडा आधार झाला आहे. अपघातग्रस्ताला तातडीचा उपचार देणे हे प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ सालीच परमानंद कटारा प्रकरणात सांगितले. मदत करणाऱ्या वाटसरूला आपले नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही, हे आता कायद्यातच आहे. मे २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या योजनेनुसार अपघातग्रस्ताला सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांच्या मर्यादेत रोख न भरता उपचार मिळू शकतात. परंतु या योजनेचा पायाही अपघाताची खरी नोंद हाच आहे.

दुसरी बाजू

दावे खोटेही असतात, हे येथे सांगितले पाहिजे. घसरून पडलेल्याला ओढूनताणून एखाद्या मोटारीशी जोडणे, उशिरा फिर्याद देऊन विमा उतरविलेले वाहन पुढे करणे, असे प्रकार न्यायालयांच्या नजरेस आले आहेत. म्हणूनच उशिरा आलेल्या खऱ्या दाव्याकडेही संशयाने पाहिले जाते. लबाडांनी प्रामाणिकांवर लादलेला हा खर्चच आहे. पहिल्या दिवसाचा कागद इतका निर्णायक ठरतो, तो याच कारणाने. आणि दुचाकीस्वारांनाही सबब नाही. आपल्याकडे फार मोठ्या संख्येने दुचाकी विम्याविना धावतात. २०२२ साली ठरलेल्या दरानुसार ७५ ते १५० सीसीच्या मोटारसायकलचा त्रयस्थ विम्याचा मूळ वार्षिक हप्ता ७१४ रुपये, म्हणजे दिवसाला दोन रुपयेही नव्हे. तो न भरणारा माणूस उद्या एखाद्या पादचाऱ्याला धडकला, तर त्याचे घरदार त्या दाव्यात जाऊ शकते.

ग्विदो कॅलाब्रेसी या कायदेपंडिताने १९७० सालच्या आपल्या ग्रंथात अपघातविषयक कायद्याचे उद्दिष्ट असे मांडले की, अपघातांचा खर्च आणि ते टाळण्याचा खर्च यांची बेरीज कमीत कमी व्हावी. आपल्या रस्त्यांवरील बहुतेक टकरी जर 'घसरून पडले' या नोंदीखाली गाडल्या जात असतील, तर ती बेरीज आपल्याला कधी कळणारच नाही. त्या पेट्रोल पंपासमोरच्या वळणावर आणखी किती जण आपटले, हे पोलिसांच्या नोंदीत नाही, म्हणून तेथे दुभाजकाचा विचारही कोणी केला नाही. खाजगीत मिटविलेला प्रत्येक अपघात पुढच्या माणसासाठी तो खड्डा तसाच ठेवून जातो.

महाविद्यालयांनी, शिक्षक आणि कर्मचारी संघटनांनी या बाबतीत एवढे तरी करावे. मानधनावरील सहकाऱ्यांचा गट अपघात विमा उतरवावा, आणि दरवर्षी प्रवेशाच्या दिवसांत, जेव्हा शेकडो मुले नव्या मोटारसायकली घेऊन आवारात येतात, तेव्हा अपघातानंतर काय करावयाचे हे तासाभरात समजावून सांगावे. आमच्या महाविद्यालयात गेली दोन वर्षे हा तास मी घेतो.

त्या सहकाऱ्याची फिर्याद अखेर नोंदली गेली. ठाण्यात 'इतके दिवस काय करीत होता?' हा प्रश्न त्याला अर्थातच ऐकावा लागला. सहा महिने पुरे होण्यास तेरा दिवस उरले असताना दावा दाखल झाला. मोटारमालकांनी आपली चूक लेखी कबूल करून सज्जनपणा राखला. तरी विमा कंपनी केसपेपरवरील त्या एका वाक्यावर अडून बसली आहे. ते वाक्य कोणी सांगितले, का सांगितले आणि ते खरे नव्हते, हे न्यायाधिकरणापुढे शपथेवर सांगण्याची पाळी माझ्यावर आली. ती साक्ष मी दिली आहे. निकाल अद्याप लागलेला नाही. सहकारी आता एका खाजगी शिकवणी वर्गात बसून शिकवितो. जिना चढताना त्याला कठड्याचा आधार घ्यावा लागतो.